कार्पेटखाली पाणी साचतंय: गळती शोधायची कशी आणि फोम वाळवायचा कसा?

पाऊलवाट

पाच दारांची हॅचबॅक आहे, सनरूफसह. चालकाशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट वरून कोरडं लागतं, पण टाचेने दाबलं की पाणी वर येतं. त्याच बाजूला मागच्या सीटसमोरही दमट आहे. सकाळी काचा आतून धुरकट असतात आणि दार उघडलं की कुबट वास येतो.

कूलंटची पातळी उतरलेली नाही. पाण्याला रंग नाही, चिकटपणा नाही, गोडसर वासही नाही, म्हणून हीटर कोअर (गरम कूलंटवर केबिन तापवणारा छोटा रेडिएटर) फुटला असण्याची शक्यता मी बाजूला ठेवली आहे. अडचण अशी की पाऊस आणि एसी दोन्ही रोजच चालू आहेत, त्यामुळे पाणी नेमकं कशाचं हे वेगळं करता येत नाही.

सगळी ट्रिम उचकटण्याआधी गळतीची जागा ठरवायची खात्रीशीर पद्धत कोणती? आणि वाळवण्यासाठी सीट काढावीच लागते, की कार्पेट नुसतं उचलून भागतं?

---

बॉनेटखाली

हीटर कोअर बाजूला ठेवलात ते बरोबर. कूलंट असतं तर पुढच्या काचेवर आतून तेलकट थर आला असता आणि तो पुसला तरी नुसता पसरला असता.

आता एसी आणि पाऊस वेगळे करू. गाडी कोरड्या जागी सपाटीवर उभी करा, मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. एसी पूर्ण थंड, ब्लोअर मध्यम वेगावर आणि हवा बाहेरून घेणारा मोड, असं १५ ते २० मिनिटं चालवा. दमट हवेत एवढ्या वेळात गाडीखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) आसपास थेंबांची धार लागायला हवी. खाली कोरडं राहिलं तर कूलिंग कॉइलचा ड्रेन तुंबलाय किंवा त्याचा रबरी कोपरा नळीवरून निसटलाय, आणि ते पाणी डॅशबोर्डखालून थेट कार्पेटच्या फोममध्ये उतरतंय. ड्रेन खालूनच मोकळा करायचा: मऊ नळी थोडी आत सरकवा आणि हलकी फुंकर मारा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा सोडलीत तर तो रबरी कोपरा आतल्या बाजूला निखळतो आणि नवंच दुखणं सुरू होतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण साठलेलं सगळं पाणी एकदम तोंडावर येतं.

दुसरी झटपट तपासणी केबिन फिल्टरची. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर तो बाहेर काढा. ओला असेल किंवा त्यावर सुकलेल्या पाण्याचे डाग असतील तर पाणी वायपरखालच्या काउलमधून (पुढच्या काचेच्या पायथ्याच्या पन्हळीतून) येतंय. तिथे पालापाचोळा साठून निचऱ्याची भोकं बुजतात, पाणी चढत चढत ब्लोअरच्या हवेच्या तोंडापर्यंत पोचतं आणि आत सांडतं. ब्लोअर लावल्यावर खळखळ आवाज येणं ही त्याचीच खूण. वायपरचे हात आणि प्लास्टिकची जाळी काढून काउल हाताने साफ करा, मग मगभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडतं का बघा. फिल्टर कोरडा असेल तर काउल जवळजवळ निर्दोष. राहतात ते फायरवॉलमधून वायरिंग आत येतं तिथले ग्रोमेट, म्हणजे वायरभोवतीची रबरी बुचं. बाहेरून नवीन हॉर्न किंवा दिव्यांची वायर ओढली असेल तर आधी तिथेच बघा. ग्रोमेटला पाडलेलं भोक बहुतेक वेळा उघडंच सोडलेलं असतं.

हे दोन्ही निर्दोष निघाले की मग पाइपची चाचणी. आधी फूटप्लेट (दाराच्या उंबरठ्यावरची पट्टी) काढून कार्पेटची कड उचला, पत्रा पुसून कोरडा करा आणि संशयाच्या जागी टिश्यू पेपर चिकटवून ठेवा. जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवली तर पाण्याचा ओघळ स्पष्ट उमटतो. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. पाइपला नोझल नको, धार मंद हवी आणि सुरुवात खालून: दाराची खालची कड, मग काचेची खालची बीडिंग (रबरी पट्टी), मग पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि काउल, आणि टप सर्वांत शेवटी. प्रत्येक जागी ५ ते १० मिनिटं द्या. घाई करून वरूनच ओतलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठलीही जागा दोषी वाटू लागते. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. पाऊस कधीच शिरत नाही अशा फटीतूनही तो पाणी आत ढकलतो आणि धडधाकट सीलवर विनाकारण सीलंट फासलं जातं.

आणखी एक. जिथे ओलं आहे त्याच्या वरच भोक असेल असं धरून चालू नका. पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या घडीतून दोन-तीन फूट सहज चालत जातं आणि सर्वांत खोलगट जागी थांबतं. उतारावर पार्किंग असेल तर ती जागाही बदलते. मागचं दमट फोम हे पुढच्याच पाण्याने भिजलेलं असू शकतं, कारण सीटखालच्या आडव्या पट्टीतून वायरिंगसाठी वाट असते.

---

बीडिंगपट्टी

पुढे आणि मागे एकाच बाजूला ओलं, या वर्णनावरून माझा पहिला संशय दारावर जातो.

दाराच्या काचेलगतची बाहेरची बीडिंग पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतेच. पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरणार हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, त्यातून ते बाहेर पडतं. केबिनकडे ते येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मागे प्लास्टिकची किंवा फोमची शीट बुटिलच्या (चिकट, मऊ रबराच्या) दोऱ्याने चिकटवलेली असते. बुटिल जुना होऊन सुटला, किंवा स्पीकर बदलताना कुणी शीट फाडून तशीच ठेवली, की पाणी शीटवरून ओघळून पॅडच्या खालच्या कडेने थेट फूटप्लेटच्या आत उतरतं. दाराची मुख्य बीडिंग त्याच्या बाहेरच्या बाजूला राहते, त्यामुळे ती कितीही नवी घातली तरी काही उपयोग होत नाही. बीडिंग बदलूनही गळती कायम असलेल्या गाड्यांत बहुतेकदा हेच निघतं.

खुणा पाहा: पॅडची खालची कड फुगलेली, स्पीकरच्या चौकटीखाली मातकट ओघळ, फूटप्लेटखालचा पत्रा ओला. दार हलवल्यावर आत पाणी डचमळत असेल तर खालची भोकं चिखलाने बुजलीत. ती प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी करा. लोखंडी तार घातलीत तर रंग खरवडला जाऊन तिथूनच गंज धरेल.

दाराची बीडिंगही तपासा, पण कागदाने. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. एका कोपऱ्यात सुळकन निघाली तर तिथे बीडिंग दबून चपटी झाली आहे किंवा दार बिजागरीवर उतरलंय.

---

पाऊलवाट

दोन्ही तपासण्या केल्या. एसीचं पाणी गाडीखाली व्यवस्थित पडतंय, केबिन फिल्टर कोरडा आहे. पाइपची चाचणी घेतली तेव्हा पुढच्या दाराच्या काचेलगत पाणी सोडल्यावर स्पीकरखालचा टिश्यू भिजला. पॅड काढलं तर शीटची खालची कड सुमारे वीतभर सुटलेली दिसली.

पण टपावर पाणी सोडल्यावर पुढच्या खांबाच्या ट्रिमखालूनही एक बारीक ओघळ आला. म्हणजे गळती दोन आहेत का? आणि शीट चिकटवायला सिलिकॉन चालेल का?

---

बीडिंगपट्टी

दोन गळती एकाच वेळी असणं अगदी नेहमीचं आहे. एक सापडली की शोध थांबवायचा, ही चूक तुम्ही टाळलीत.

सिलिकॉन नको. आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं, ते उघड्या पत्र्याला आणि जवळच्या कनेक्टरला खातं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर बुटिलही धरत नाही आणि रंगही. बुटिल टेपच आणा, ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा गोल दोरा.

जुना बुटिल काढायची सोपी रीत: त्याचाच एक गोळा करा आणि उरलेल्या अंशांवर दाबून झटक्याने उचला, सगळं त्याला चिकटून येतं. मग पत्रा आणि शीट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे करा. ओल्या किंवा धुळकट पत्र्यावर बुटिल आठवडाभरही टिकणार नाही. दोरा अखंड फिरवा. तुकडे जोडावेच लागले तर जोड वरच्या कडेला ठेवा, खाली कधीच नको. वायर जिथून बाहेर येते तिथे वायरच्या खाली एक आणि वर एक असा दोन्ही बाजूंनी बुटिल लावून सँडविच करा, नाहीतर पाणी वायरच्या कडेने चालत बाहेर येईल. वायरला भोकाआधी खाली झुकणारा झोळ द्या म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट: बऱ्याच दारांत शीटची खालची कड पत्र्यातल्या खाचेतून दाराच्या आत सोडलेली असते, म्हणजे शीटवरचं पाणी पुन्हा दाराच्या पोकळीत पडतं. ती कड बाहेर राहिली तर कितीही बुटिल लावा, पाणी केबिनमध्येच येणार. शेवटी हेअर ड्रायरने शीट कोमट करून रोलरने सगळीकडे दाबा. शीट फाटलीच असेल तर ३ ते ५ मिलिमीटरची बंद छिद्रांची फोम शीट मापाने कापून घ्या. पातळ पॉलिथिन पाणी अडवतं, पण स्पीकरच्या आवाजाबरोबर फडफडतं. पॅड लावण्याआधी पाइपची चाचणी त्याच जागी पुन्हा घ्या.

---

टपावरचा

खांबातून येणारा ओघळ सनरूफच्या ड्रेनचा आहे असं धरून पुढे जा. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. उरलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पुढच्या नळ्या पुढच्या खांबातून उतरून दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत उघडतात, मागच्या नळ्या मागच्या खांबातून बंपरच्या आड.

सनरूफ उघडा आणि पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात साधारण १०० मिलिलिटर पाणी हळूहळू सोडा. तीन गोष्टी होऊ शकतात. पाणी लगेच खाली बाहेर पडलं तर ती नळी ठीक. पन्हळीत तुंबून राहिलं तर नळी बुजली आहे. आणि पन्हळीतून गेलं पण बाहेर आलंच नाही, तर नळी कुठेतरी निसटली किंवा फाटली आहे, पाणी खांबात सांडतंय. ओतणं तिथेच थांबवा. दुसऱ्या कोपऱ्यात ओतायचं पाणी खाण्याच्या रंगाने किंचित रंगवलं तर कुठलं पाणी कुठून आलं यात गोंधळ होत नाही, फक्त हलक्या रंगाच्या टपाच्या कापडापासून जपा.

बुजलेली नळी गवत कापायच्या यंत्राच्या २ ते २.५ मिलिमीटर नायलॉन दोरीने मोकळी करा. दोरीचं टोक आधी जरासं वितळवून गोल करून घ्या. जाड तार नळी फोडते आणि जोराची हवा नळीला वरच्या तोंडावरून उडवते. खालच्या टोकाला चिमटलेल्या ओठांसारखं रबर असेल तर बहुतेक गाळ तिथेच अडकलेला मिळेल. ते काढून धुऊन परत लावा, कापून टाकू नका. ते किडे आणि धूळ वर जाऊ देत नाही.

नळी निसटलीच असेल तर खांबाची ट्रिम काढावी लागेल. तिथे पडदा एअरबॅग (काचांलगत पडद्यासारखी उघडणारी) असते. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि निदान १० मिनिटं थांबा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तोच पाळा. ट्रिमची वरची क्लिप बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायची असते, नवीन क्लिप आणूनच काम सुरू करा. नळी परत बसवताना ती एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून कदापि नाही.

---

ओलदमट

आता वाळवण्याचं, कारण गळती बंद झाली की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं, आणि गाडी खरी सडते ती त्यानंतर.

कार्पेटखालचं फोम किती पाणी धरतं याचा हिशोब करा. १ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ३० मिलिमीटर जाड तुकड्याचं आकारमान १८ लिटर होतं. त्याचा चौथाई भाग जरी पाण्याने भरला तरी साडेचार लिटर. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के ओल शोषतं, म्हणजे किलोभर जेल घातलं तरी ३००-४०० ग्रॅम. पुड्या ठेवून हे पाणी निघणार नाही.

काचा लावून गाडी उन्हात ठेवणं हाही उपाय नाही. ३० अंश सेल्सिअसला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. केबिन तीन घनमीटरची धरली तर १०० ग्रॅमच्या आतच हवा भरते, त्यापुढे पाणी उडत नाही. ऊन उतरलं की तीच वाफ काचेवर, टपाच्या कापडात आणि कनेक्टरमध्ये बसते. ओल बाहेर नेणारं काहीतरी हवंच.

सीट काढा. सहसा चार बोल्ट असतात. बॅटरी सोडून, वर सांगितलंय तितकं थांबून, सीटखालचे कनेक्टर अलग करा. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा. सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागून राहतो. फूटप्लेट आणि खांबाची खालची ट्रिम काढली की कार्पेटची कड मोकळी होते. फोम कार्पेटला चिकटलेलं नसेल तर बाहेर काढून उभं टांगा. चिकटलेलं असेल आणि ओल मधल्या कन्सोलखाली पोचली असेल तर कन्सोल काढून अख्खं कार्पेटच बाहेर घ्या. काम जास्त आहे, पण अर्धवट उचलून केलेलं वाळवणं मधल्या भागात हमखास फसतं.

ओल फक्त कडेपुरती असेल तर कार्पेट जागेवरच १५ ते २० सेंटिमीटर उचलून खाली प्लास्टिकचे क्रेट सरकवा. आधी वेट व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्या, वरून नाही, फोमच्या खालच्या बाजूने. फोमवर फळी ठेवून दाबत दाबत ओढलं की बरंच निघतं. पिळू नका, ओलं फेल्ट तर पिळल्यावर चिंध्या होतं. मग पंखा कार्पेटच्या खाली हवा जाईल असा लावा. बाहेर हवा कोरडी असेल तर काचा उघड्या ठेवा. हवा दमट असेल तर काचा बंद, आत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र), त्याची नळी बाहेर बादलीत, आणि पंखा चालूच. फोमच्या जाडीप्रमाणे दोन-तीन दिवस लागतात. थंड हवेत, साधारण १५ अंशांच्या खाली, कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर मंदावतो, तिथे डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणारा) प्रकारचा चांगला. हीट गन नको, कार्पेटच्या पाठीचा रबरी थर वितळतो.

फोम सुकलं हे हाताला कळत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर तुकडा फोमवर चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे.

बुरशी उबदार ओलीत २४ ते ४८ तासांतही धरू लागते. पांढुरकी, वरवरची असेल तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून सौम्य डिटर्जंटने घासा, व्हॅक्यूमने ओढा, पुन्हा वाळवा. फोम आतपर्यंत काळं पडलं असेल तर फेकून नवीन घाला. ब्लीच वापरू नका: कापडाचा रंग जातो, पत्रा गंजतो, आणि व्हिनेगर किंवा अमोनियाशी मिसळलं तर विषारी वायू निघतो. सुगंधी स्प्रे मारून वास झाकू नका. वास हाच ओल शिल्लक असल्याचा इशारा आहे, तो तुम्हाला ऐकू यायला हवा.

---

तारजोडणी

कार्पेट वर असतानाच पत्र्यावर टेकलेलं वायरिंग बघून घ्या, परत ही संधी मिळणार नाही. काही गाड्यांत सीटखाली किंवा पायाशी कंट्रोल मॉड्यूल असतं. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसते का पाहा. असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉनचा मऊ ब्रश. पिन खाल्ली गेली असेल तर बदला; घासून चकचकीत केलेली पिन काही महिन्यांत पुन्हा दगा देते. अर्थिंगचे बोल्ट सोडून खालचा पत्रा उजळ करा, मग घट्ट करून वरून ग्रीस लावा. तांब्याच्या तारेत इन्सुलेशनच्या आतून पाणी वर चढतं, म्हणून ओल्या कनेक्टरच्या पुढची इंचभर तारही तपासा. ती आत काळी पडली असेल तर तेवढा भाग कापून नवीन जोडा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

पत्र्यावरच्या आवाज दाबणाऱ्या डांबरी चकत्यांच्या कडा दाबून पाहा, खाली पाणी अडकलेलं असतं. गंज तारेच्या ब्रशने काढा, रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, मग रंग, प्रत्येक थर पूर्ण सुकू देऊन. तळाचे रबरी बूच काढले असतील तर सगळे मोजून परत बसवा. पाणी आपोआप निघून जावं म्हणून एखादं उघडं ठेवलंत तर रस्त्यावरचं पाणी तिथूनच वर येईल.

जोडणी करताना आधी सीटचे कनेक्टर, मग बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, आणि बॅटरी सर्वांत शेवटी. नंतर गाडी कुलूपबंद करून सगळे मॉड्यूल झोपू द्या, साधारण अर्धा तास, आणि बॅटरीतून जाणारा करंट मोजा. सहसा तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. त्याहून बराच जास्त दिसला तर एखादं मॉड्यूल अजून ओलं आहे. फ्यूज एकेक काढत करंट कुठे घसरतो ते बघा आणि त्या सर्किटचे कनेक्टर पुन्हा उघडा.